सालीतलं जिवाणूरोधक संयुग शोधताना: झाडापासून शुद्ध रेणूपर्यंत

सालीचा अर्क जिवाणूंवर टाकला आणि काहीच झालं नाही, असं फार क्वचित घडतं. उष्ण कटिबंधातल्या जवळपास कुठल्याही औषधी झाडाची साल घ्या, मिथेनॉलमध्ये भिजवा, अर्क आटवा आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस पसरलेल्या प्लेटवर ठेवा. भोवती स्वच्छ वलय उमटतं. माझ्या पहिल्या अर्काभोवतीही उमटलं होतं, आणि त्या वलयामागे मी आठ महिने घालवले. मग एका दुपारी तोच अर्क पॉलिअमाइड या प्लास्टिकच्या भुकटीने भरलेल्या लहानशा कॉलममधून (उभ्या नळीतून) जाऊ दिला. खाली उतरलेल्या द्रवात जिवाणू खुशाल वाढले. सगळा परिणाम पॉलिअमाइडला अडकून राहिलेल्या टॅनिन या तुरट पदार्थाचा होता.

साल हे झाडाचं चिलखत आहे आणि टॅनिन हा त्यातला मुख्य माल. कित्येक झाडांच्या सालीत ते वाळलेल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असतं. ते प्रथिनांना चिकटतं, लोह धरून ठेवतं, जिवाणूंची विकरं आणि पोषक माध्यमातली प्रथिनं सरसकट बांधून टाकतं. त्यामुळे वाढ थांबते हे खरं, पण त्यातून औषधाच्या दिशेने नेणारा रेणू सहसा हाती लागत नाही. म्हणून या लेखात पायऱ्यांचा क्रम असा ठेवला आहे की फसवणारी कारणं आधी बाजूला व्हावीत आणि कॉलमवरची मेहनत नंतर सुरू व्हावी.

लेख सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्हींची प्रयोगशाळा हाताशी असलेल्यांसाठी आहे. फ्यूम हूड, रोटरी बाष्पकारक, ऑटोक्लेव्ह आणि जैवसुरक्षा पातळी २ ची सोय नसेल तर रोगकारक जिवाणूंवर हे काम करू नये. आणि हे घरगुती काढ्याचं मार्गदर्शनही नाही.

झाडाजवळ

पहिली चूक झाडाखालीच होते. पांढऱ्या कुड्याची साल म्हणून काळ्या कुड्याची साल येते, हा औषधी द्रव्यांतला जुना घोटाळा आहे. पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हेना प्युबेसेन्स. त्याच्या सालीत कोनेसिन आणि त्याच्या नात्यातली स्टेरॉइडी अल्कलॉइडं असतात. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोन्हींना जोडीने लांब शेंगा येतात, पण काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना जुळलेली असतात. नुसती वाळलेली साल समोर असेल तर हा फरक दिसायला शेंगाच नसतात. म्हणून साल बाजारातून आणू नका. फूल किंवा फळ असलेली फांदी दाबून तिचा व्हाउचर नमुना (ओळखीचा पुरावा) एखाद्या मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करा, क्रमांक घ्या, आणि तो क्रमांक शेवटच्या कुपीपर्यंत सोबत चालू द्या. व्हाउचर नसेल तर पुढचं सगळं रसायनशास्त्र कुठल्या झाडाचं, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही.

परवानगीचा भागही आधी उरका. जैवविविधतेविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ चा आणि त्यातून निघालेला नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. ज्या देशातलं झाड, त्या देशाची संमती आणि लाभवाटपाच्या अटी त्यानुसार ठरतात. त्या झाडाचा उपयोग एखाद्या समाजाने सांगितला असेल, तर त्यांची संमती आणि त्यांचा वाटा हाही त्याचाच भाग आहे.

साल काढताना झाडाला पूर्ण कडं पाडू नका. सालीच्या आतल्या थरातून पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं. सगळीकडून साल सोलली की मुळं उपाशी राहतात आणि झाड हळूहळू वाळतं. आफ्रिकेतल्या प्रुनस आफ्रिकाना या झाडाचं पाहा: प्रोस्टेटच्या त्रासावरच्या औषधासाठी त्याची साल इतकी ओरबाडली गेली की १९९५ पासून त्याचा व्यापार साइट्स या संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित करावा लागला. संशोधनाला एवढी साल लागतच नाही. छाटलेल्या किंवा वाऱ्याने पडलेल्या फांदीची चालते. खोडाचीच हवी असेल तर उभी, अरुंद पट्टी काढा आणि आतला ओलसर, निसरडा थर लाकडावरच राहू द्या. जखम तिथूनच भरून येते. प्राथमिक तपासणीला पन्नास ग्रॅम वाळलेली साल पुरते. संयुग वेगळं करायचं ठरलं तरच किलोच्या आसपास जा.

नोंदीत झाडाचा घेर, महिना, जमिनीपासूनची उंची, साल खोडाची की फांदीची हे सगळं लिहा. बाहेरचा खरबरीत मृत थर आणि आतली जिवंत साल यांचं रसायन वेगळं असतं. शक्य असेल तर सुरीने दोन्ही वेगळे करून वेगवेगळे तपासा. माझ्या अनुभवात हा अर्ध्या तासाचा खटाटोप पुढचे आठवडे वाचवतो, कारण काही झाडांत सगळी क्रिया एकाच थरात असते आणि दुसरा थर केवळ कचरा वाढवतो.

वाळवणं, दळणं

शेवाळ आणि दगडफूल ब्रशने काढा. दगडफुलात उस्निक आम्लासारखी जिवाणूरोधक संयुगं असतात, आणि ती झाडाच्या नावावर जमा व्हायला वेळ लागत नाही. साल सावलीत, खेळत्या हवेत, ४० अंश सेल्सिअसच्या खाली वाळवा. ओली साल प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवली तर बुरशी धरते, आणि मग तुम्ही बुरशीचं प्रतिजैविक शोधत बसता. दळताना यंत्र तापू देऊ नका. थांबून थांबून दळा. दालचिनीसारख्या सुगंधी सालीत मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड उडून जाणारा असतो, त्यामुळे ती ऐनवेळीच दळावी.

पहिला अर्क

सुरुवातीला एकाच द्रावकावर विसंबू नका. दहा-दहा ग्रॅम भुकटीचे चार भाग करून हेक्झेन, डायक्लोरोमिथेन, अ‍ॅसिटोन आणि ८० टक्के मिथेनॉल यांत वेगवेगळे भिजवा. दर ग्रॅमला दहा मिलिलीटर द्रावक, चोवीस तास हलवत ठेवायचं, गाळायचं, ताजा द्रावक घालायचा, असं तीनदा. तिन्ही गाळलेले भाग एकत्र करून ४० अंशांखाली निर्वातात आटवा. हेक्झेनमध्ये मेण आणि स्निग्ध पदार्थ येतात, डायक्लोरोमिथेनमध्ये टर्पिनॉइडं आणि कमी ध्रुवीय क्विनोनं, तर पाणी मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये टॅनिनसकट जवळपास सगळं. मला सुरुवातीसाठी शुद्ध अ‍ॅसिटोन आवडतो. तो मध्यम ध्रुवीयतेचे बरेच पदार्थ उचलतो, साखर मागे ठेवतो आणि लवकर उडतो. पण त्यात पाणी मिसळू नका, कारण सत्तर टक्के अ‍ॅसिटोन हा टॅनिन काढण्याचाच नेहमीचा द्रावक आहे.

द्रावकांबद्दल दोन गोष्टी. हेक्झेनच्या वाफेने दीर्घकाळात नसांना इजा होते. बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी हेप्टेन चालतो. दुसरं, द्रावकाची गाठ कुठल्या संयुगाशी पडणार याचा विचार करा. बर्बेरिन क्लोरोफॉर्मशी आणि अ‍ॅसिटोनशीही जोड-संयुगं बनवतं. मिथेनॉलमध्ये आम्ल असताना कार्बोक्सिलिक आम्लांचे मिथिल एस्टर तयार होतात. असं 'नवीन नैसर्गिक संयुग' झाडात कधीच नसतं. ते आपल्याच फ्लास्कमध्ये जन्मलेलं असतं. शंका आली तर थोडी साल इथेनॉलमध्ये भिजवा आणि तो मिथिल एस्टर तिथेही सापडतो का ते पाहा.

द्रावकाइतकाच लबाड पदार्थ म्हणजे प्लास्टिकला मऊ करणारा थॅलेट. स्वस्त द्रावकातून, नळीतून, झाकणातून तो अर्कात उतरतो. प्रत्येक मालिकेत साल न घातलेला कोरा अर्क करा: तोच द्रावक, तेवढाच, त्याच गाळणीतून, त्याच फ्लास्कमध्ये आटवलेला. पुढे वस्तुमान वर्णपटात १४९ चा तुकडा आणि ३९१ च्या आसपासचा रेणू दिसला, तर आधी ही कोरी कुपी तपासा. डाय-२-इथिलहेक्झिल थॅलेट वनस्पतीतलं संयुग म्हणून कितीतरी शोधनिबंधांत छापलं गेलं आहे, आणि दर वेळी ते वाचून वाईट वाटतं. कुणाची तरी वर्षं त्यात गेलेली असतात.

टॅनिनची परीक्षा

आता कळीची पायरी. अर्काच्या थेंबात फेरिक क्लोराइड टाका. गडद निळा किंवा हिरवट काळा रंग आला तर फिनॉलिक पदार्थ भरपूर आहेत. जिलेटिन आणि मीठ घातलेल्या द्रावणात अर्क टाकल्यावर साका बसला तर ते प्रथिनं बांधणारं टॅनिन आहे. बहुतेक सालींत दोन्ही होतं, घाबरू नका. प्रश्न एवढाच की टॅनिन गेल्यावर काय उरतं.

पाचशे मिलिग्रॅम अर्क थोड्या मिथेनॉलमध्ये विरघळवा, पॉलिअमाइडच्या थोड्या भुकटीत मिसळून वाळवा, आणि पाच ग्रॅम पॉलिअमाइडच्या लहान कॉलमवर चढवा. आधी पाणी, मग ५० टक्के मिथेनॉल, मग शुद्ध मिथेनॉल. लहान रेणू आणि बरीचशी फ्लॅव्होनॉइडं उतरतात. पॉलिमरी टॅनिन हायड्रोजन बंधांनी घट्ट अडकून राहतं. तिन्ही भाग आणि मूळ अर्क एकाच दिवशी, एकाच कल्चरवर तपासा. क्रिया उतरलेल्या भागात टिकली तर पुढे जायला कारण आहे. नाहीशी झाली तर दुसरी साल घ्या. एक अपवाद लक्षात असू द्या: काही क्विनोनं आणि साधी फिनॉलंही पॉलिअमाइडला धरून बसतात. म्हणून साल लालसर-पिवळी असेल आणि क्विनोनाचा संशय असेल, तर सेफाडेक्स एलएच-२० या रेणू वेगळे करणाऱ्या जेलवर मिथेनॉलमध्ये हीच परीक्षा करून पाहा. तिथे पॉलिमरी टॅनिन मागे राहतं आणि ७० टक्के अ‍ॅसिटोन दिल्यावरच सुटतं.

जुन्या पद्धतीत टॅनिन साक्यात बसवायला शिशाचं अ‍ॅसिटेट वापरायचे. ते आता करू नका. शिसं विषारी आहे, आणि त्याचा अंश उरला तर तोच जिवाणू मारेल.

याच टप्प्यावर आणखी दोन साध्या चाचण्या करतो. पहिलीत चाचणीच्या माध्यमात बोवाइन सीरम अल्ब्युमिन हे गायीच्या रक्तातलं प्रथिन मिसळतो. परिणाम एकदम ढासळला तर अर्क प्रथिनांना नुसता चिकटत होता. दुसरीत हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं कॅटॅलेज हे विकर मिसळतो. गॅलेट आणि कॅटेकॉल प्रकारची फिनॉलं हवेच्या संपर्कात, पोषक माध्यमात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. कॅटॅलेज घातल्यावर जिवाणू वाढू लागले, तर त्यांना रोखत होतं ते पेरॉक्साइड, तुमचं संयुग नव्हे. दोन्ही चाचण्यांना एका दिवसापेक्षा जास्त लागत नाही.

किती अर्काने वाढ थांबते

वलयाचा व्यास मोजून अर्कांची तुलना करू नका. आगर म्हणजे पाणी. तेलकट, मोठे रेणू त्यात पसरतच नाहीत. बिट्युलिनिक आम्ल डिस्कवर निपचित बसून राहील आणि टॅनिनाचं लहान अंग मात्र दूरवर जाईल. मोठं वलय म्हणजे जास्त ताकद, असा अर्थ इथे लावता येत नाही. मोजायची गोष्ट म्हणजे एमआयसी, वाढ थांबवणारी कमीत कमी संहती, आणि ती ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये द्रव माध्यमात मोजावी.

अर्काचं डीएमएसओ या पाण्यात मिसळणाऱ्या द्रावकात मिलिलीटरमागे १०० मिलिग्रॅमचं द्रावण करा. ते धन आयनांचं प्रमाण जुळवलेल्या म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये दुपटी-दुपटीने विरळ करत न्या: १,००० मायक्रोग्रॅमपासून २ मायक्रोग्रॅमच्या आसपासपर्यंत. शेवटच्या मिश्रणात डीएमएसओ एक टक्क्याच्या वर जाऊ नये, आणि तेवढ्या डीएमएसओचा वेगळा खड्डा हवाच. रात्रभर वाढलेल्या ताज्या वसाहतींपासून मॅकफार्लंड या गढुळतेच्या प्रमाणित मापाने ०.५ एवढं गढूळ द्रावण करा. त्यात मिलिलीटरमागे साधारण १० कोटी जिवाणू असतात. ते शंभर पट विरळ करून प्रत्येक खड्ड्यात ५० मायक्रोलीटर अर्काच्या विरलनावर ५० मायक्रोलीटर जिवाणू घातले की शेवटी मिलिलीटरमागे ५ लाख उरतात. अर्कही या मिश्रणात निम्मा होतो, म्हणून आधीचं विरलन दुप्पट संहतीचं ठेवा. हे द्रावण अर्ध्या तासाच्या आत वापरा, आणि प्रत्येक वेळी थोडं प्लेटवर पसरून वसाहती मोजून खात्री करा. जिवाणू दहापट जास्त पडले तर चांगलं संयुगही दुबळं वाटतं. ३५ अंशांवर सोळा ते वीस तास ठेवा.

सालीचे अर्क तपकिरी असतात, त्यात गढुळता दिसत नाही. म्हणून शेवटी रेझाझुरिन टाकतात. जिवंत जिवाणू त्याचा निळा रंग गुलाबी करतात. पण फिनॉलिक अर्क जिवाणू नसतानाही हा रंग बदलू शकतात. प्रत्येक संहतीचा 'अर्क आहे, जिवाणू नाहीत' असा खड्डा ठेवला नाही, तर त्या दिवशीच्या निकालाला अर्थ नाही. तरीही शंका राहिली तर खड्ड्यातले दहा मायक्रोलीटर साध्या आगरवर ठेवून वाढ पाहा.

माहीत असलेलं प्रतिजैविक सोबत चालवा. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या एटीसीसी (अमेरिकेतला जिवाणूंचा संग्रह) २९२१३ या वाणावर व्हॅन्कोमायसिनची एमआयसी मिलिलीटरमागे ०.५ ते २ मायक्रोग्रॅम आणि ई. कोलायच्या एटीसीसी २५९२२ वर जेन्टामायसिनची ०.२५ ते १ मायक्रोग्रॅम यायला हवी. आकडा या पट्ट्याबाहेर गेला तर त्या प्लेटवरचे तुमचे निकालही बाजूला ठेवा, ते कितीही मनासारखे असले तरी.

कच्च्या अर्काची एमआयसी मिलिलीटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर काम पुढे न्या. शंभर ते सहाशेच्या मध्ये असेल तर सालीतलं रसायन खास आहे का, यावर ठरवा. हजाराच्या वर क्रिया म्हणायचं धाडस मी करत नाही. शुद्ध संयुगासाठी दहाच्या खालचा आकडा खरोखर लक्ष वेधतो. तुलनेसाठी: मँगोस्टीनच्या फळाच्या सालीत मुबलक असणारं आणि त्याच्या खोडाच्या सालीतही मिळणारं अल्फा-मँगोस्टीन हे झँथोन मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसलाही काही मायक्रोग्रॅममध्येच रोखतं.

हिशेब

अर्क वेगवेगळ्या द्रावकांत वाटताना एक छोटा हिशेब ठेवा. एक ग्रॅम सालीतून मिळालेला अर्क मिलिग्रॅममध्ये घ्या आणि त्याला मिलिग्रॅममधल्या एमआयसीने भागा. उत्तर मिलिलीटरमध्ये येतं: एवढ्या सालीतला अर्क किती द्रवात मिसळला तरी जिवाणू वाढणार नाहीत. समजा एका ग्रॅममधून १२० मिलिग्रॅम अर्क आला आणि एमआयसी ०.२५. एकूण क्रिया ४८० मिलिलीटर. तो पाण्यात कालवून हेक्झेन, इथिल अ‍ॅसिटेट आणि पाणी असा वाटला. हेक्झेनमध्ये १० मिलिग्रॅम, एमआयसी १, म्हणजे १०. इथिल अ‍ॅसिटेटमध्ये २० मिलिग्रॅम, एमआयसी ०.०६२५, म्हणजे ३२०. पाण्यात ८५ मिलिग्रॅम, एमआयसी १, म्हणजे ८५. बेरीज ४१५. एमआयसी मोजण्यातच दुपटीचा फरक पडू शकतो हे धरलं तर हिशेब जुळला, आणि इथिल अ‍ॅसिटेटचा भाग हातात घ्यायचा हेही ठरलं.

बेरीज ४० आली असती तर? काहीतरी हरवलं. संयुग सिलिकावर किंवा उष्णतेने मोडलं असेल, काचेला चिकटलं असेल, किंवा दोन घटक मिळून काम करत असतील. तिन्ही भाग मूळ प्रमाणात पुन्हा मिसळून तपासा. क्रिया परत आली तर ती जोडीची आहे. बर्बेरिन एकटं स्टॅफिलोकॉकसवर दुबळं, कारण जिवाणूचा नॉरए पंप त्याला बाहेर फेकतो. बर्बेरिस वंशातल्या काही झुडपांत त्या पंपाला अडवणारं ५-प्राइम-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन सापडलं, हे २००० साली दाखवलं गेलं. ते एकटं जवळपास निष्क्रिय आहे. हिशेब न ठेवणारा असा भाग फेकून देतो.

टीएलसीवर जिवाणू

टीएलसी म्हणजे पातळ थराच्या पट्टीवर घटक वेगळे करण्याची पद्धत. कॉलमकडे जाण्याआधी सिलिका जेल ६० एफ २५४ च्या पट्टीवर शंभर मायक्रोग्रॅम अर्काचे सारखे डाग ठेवून तीन-चार पट्ट्या चालवा. हेक्झेन आणि इथिल अ‍ॅसिटेट ७:३, किंवा क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ९:१ पासून सुरुवात करा. एक पट्टी अतिनील प्रकाशात २५४ आणि ३६६ नॅनोमीटरवर पाहा, दुसरीवर अ‍ॅनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक आम्ल फवारून तापवा, तिसरीवर अल्कलॉइडांसाठी ड्रॅगेनडॉर्फ. चौथीवर जिवाणू: ४५ अंशांच्या आसपास थंड झालेल्या पातळ आगरमध्ये ते कालवून पट्टीवर ओता, रात्रभर वाढू द्या आणि एमटीटी या रंगद्रव्याचं द्रावण फवारा. जिवंत भाग जांभळा होतो. ज्या डागाखाली संयुग आहे तिथे फिकट ठिपका राहतो.

इथे द्रावकात फॉर्मिक किंवा अ‍ॅसिटिक आम्ल नको, मागे राहिलेलं आम्ल जिवाणू मारतं. पट्टी थंड हवेत पूर्ण वाळवा आणि फक्त द्रावकात चालवलेली कोरी पट्टी सोबत ठेवा. ज्या दिवशी फिकट ठिपका अतिनील प्रकाशातल्या एकाच पिवळ्या डागावर नेमका बसतो, तो दिवस या कामातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसांपैकी एक असतो. ठिपका कुठल्याच एका डागाशी जुळत नसेल, तर मागच्या पायरीवर जा.

आता ओळख पटवा. सक्रिय भागाचं एलसी-एमएस (घटक द्रवातून वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणं) करून नेमकं वस्तुमान काढा आणि त्या वनस्पती-कुळातल्या ज्ञात संयुगांशी ताडा. तुकड्यांचे वर्णपट जुळवायला जीएनपीएससारखी खुली व्यवस्था आहे. सालीत ल्युपिऑल, बिट्युलिनिक आम्ल, बीटा-सिटोस्टेरॉल, कॅटेचिन, एलॅजिक आम्ल ही मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात. अर्जुनाच्या सालीत अर्जुनोलिक आम्लही. माहीत असलेलं संयुग पाचशे ग्रॅम सालीतून परत काढण्याआधी त्याचा प्रमाणित नमुना मिळतो का ते बघा.

कॉलम

नमुन्याच्या तीस ते पन्नास पट सिलिका, २३० ते ४०० जाळीची. नमुना थोड्या सिलिकावर वाळवून वरून चढवा; द्रव ओतला की पट्टे पसरतात. त्याआधी एक लहान खात्री करा: संयुग सिलिकावर टिकतं का? चौकोनी पट्टीच्या कोपऱ्यात डाग ठेवून एका दिशेने चालवा, दोन तास तशीच ठेवा, मग काटकोनात त्याच द्रावकात चालवा. सगळे डाग कर्णावर आले तर ठीक. कर्णाबाहेर नवीन डाग दिसला तर काहीतरी मोडतंय; मग सिलिका सोडून सेफाडेक्स किंवा सी-१८ (तेलकट साखळ्यांचा थर असलेलं माध्यम) घ्या. पूर्व आफ्रिकेतल्या वारबर्गियाच्या सालीतली तिखट ड्रायमेन डायअल्डिहाइडं, पॉलिगोडायल आणि म्युझिगाडायलसारखी, हाताळताना मी ही खात्री कधीच टाळणार नाही. अशी क्रियाशील अल्डिहाइडं मिथेनॉलशीही अ‍ॅसिटल बनवतात.

सारख्या टीएलसीचे फ्रॅक्शन (कॉलममधून क्रमाने गोळा केलेले भाग) एकत्र करा आणि प्रत्येक गट एमआयसीवर टाका, फक्त सुंदर दिसणारे नव्हे. स्फटिक पडलेला गट बहुतेक वेळा सिटोस्टेरॉल असतो. सक्रिय गट सेफाडेक्सवर मिथेनॉलमध्ये आणि मग तयारीच्या एचपीएलसीवर (पदार्थ गोळा करता येणाऱ्या, जास्त दाबाच्या कॉलमवर) सी-१८, पाणी-अ‍ॅसिटोनायट्राइल अशा क्रमाने न्या. एचपीएलसीत ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल चालतं, पण नंतर ते पूर्ण काढा. शुद्धता ९५ टक्क्यांहून कमी असताना मोजलेली एमआयसी कुणाची आहे ते सांगता येत नाही. उरलेल्या पाच-दहा टक्क्यांत बलवान अशुद्धी असली तर श्रेय चुकीच्या रेणूला जातं.

अल्कलॉइडांची वाट वेगळी. भुकटी २ ते ५ टक्के सौम्य आम्लात भिजवा, स्निग्ध भाग हेक्झेनने काढून टाका, मग अमोनियाने सामू ९ ते १० करून डायक्लोरोमिथेनने काढा. कोनेसिनसारखी अमाइनं अशी सुरेख वेगळी होतात. पण पश्चिम आफ्रिकेतल्या एनान्शिया क्लोरँथाच्या पिवळ्या सालीतलं पाल्मेटिन आणि जॅट्रोऱ्हायझिन चतुर्थक आहेत, नेहमी धनभारित. अल्कली घातली तरी ती पाण्यातच राहतात आणि नवखा माणूस तो पाण्याचा थर ओतून देतो. पाण्याचा थर पिवळा असेपर्यंत टाकू नये.

रचना, आणि नंतरची कसोटी

दोन ते पाच मिलिग्रॅम शुद्ध संयुग हाती आलं की उच्च विभेदन वस्तुमान, प्रोटॉन आणि कार्बन एनएमआर, एचएसक्यूसी, एचएमबीसी आणि नोएसी (अणूंची मांडणी दाखवणारे चुंबकीय वर्णपट) घ्या. क्रम असाच ठेवा, आणि वस्तुमान मोजायचं राहिलं असेल तर सगळा नमुना एनएमआरच्या नळीत टाकू नका. असममित केंद्रं असतील तर प्रकाशीय भ्रमण मोजा. छापलेला आकडा चिन्हासकट जुळला पाहिजे.

रचना कळल्यावर पुन्हा जिवाणूंकडे. एमआयसीच्या खड्ड्यांतून प्लेटवर पसरून ९९.९ टक्के जिवाणू मारणारी संहती काढा. ती एमआयसीच्या चौपटीच्या आत असेल तर संयुग मारतं, नाहीतर नुसतं थांबवतं. ई. कोलाय आणि स्यूडोमोनासवर काहीच परिणाम नसेल तर निराश होऊ नका. ग्रॅम-ऋण जिवाणूंचं बाहेरचं पटल आणि एसीआरएबी-टीओएलसीसारखे पंप वनस्पतींच्या बहुतेक रेणूंना आत टिकू देत नाहीत. पंप नसलेलं उत्परिवर्तित वाण मिळालं तर त्यावर तपासा; तिथे परिणाम दिसला तर लक्ष्य आत आहे, फक्त दार बंद आहे. नेहमीच्या प्रतिजैविकासोबत जोडी करून अंशात्मक निर्देशांक मोजा, म्हणजे जोडीत लागणारी प्रत्येकाची संहती त्याच्या एकट्याच्या एमआयसीचा किती अंश आहे, त्यांची बेरीज. तो ०.५ किंवा त्याहून कमी असेल तरच पूरक क्रिया म्हणा.

मग सस्तन पेशी. त्यांच्यातल्या निम्म्या मारणारी संहती एमआयसीच्या किमान दहापट असावी. अल्फा-मँगोस्टीन इथेच अडखळतं. मानवी पेशींवरही ते जवळपासच्याच संहतीत परिणाम करतं. क्विनोनं आणि कॅटेकॉलं तर कुठल्याही विकराच्या चाचणीत होकार देतात, म्हणून त्यांच्या 'लक्ष्या'बद्दल घाईने लिहू नका. लाल पेशी फुटतात का पाहा, माध्यमात सीरम घालून एमआयसी पुन्हा मोजा. सीरममध्ये ती ३२ पट वाढली, तर तो रेणू रक्तात जवळजवळ पूर्ण बांधला जाईल. त्वचेवरच्या वापराचा विचार करता येईल, पोटात घ्यायच्या औषधाचा सध्या नाही.

शेवटचा एक मिलिग्रॅम खर्चू नका. तो काचेच्या कुपीत, टेफ्लॉनच्या झाकणाखाली, उणे २० अंशांवर ठेवा. कुपीवर तारीख, वजन आणि हर्बेरियमचा व्हाउचर क्रमांक पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई इथेनॉलच्या एका थेंबाने पुसून जाते.